सीलिएक आजारात प्रोबायोटिक: घ्यावे का, कोणते, कसे आणि किती दिवस

सीलिएकचे निदान झाले, गव्हासारख्या धान्यांतले ग्लूटेन हे प्रथिन बंद केले, पथ्य काटेकोर पाळले. तरीही पोट फुगते, गॅस होतात, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. अशा माणसाला प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी मानलेल्या जिवंत जिवाणूंची कॅप्सूल किंवा पावडर, सुचवणारे कोणी ना कोणी भेटतेच. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट देता येते. ग्लूटेनमुक्त आहाराला पर्याय म्हणून प्रोबायोटिकचा काही उपयोग नाही. पथ्य नीट असून, बाकीची कारणे तपासूनही त्रास उरला असेल, तर ठरावीक मुदतीचा प्रयोग म्हणून ते घेऊन पाहण्यात अर्थ आहे. हा प्रयोग कसा करायचा आणि डबा विकत घेण्याआधी काय तपासायचे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

प्रोबायोटिककडून काय होते, काय होत नाही

सीलिएक हा स्वयंप्रतिकार आजार आहे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमध्ये प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्ले इतकी दाटीने असतात की आपल्या पाचकरसांना ते पूर्ण तोडता येत नाही. ३३ अमिनो आम्लांचा असा एक न तुटणारा तुकडा २००२ मध्ये संशोधकांनी वेगळा काढून दाखवला. ज्यांच्याकडे एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुके आहेत, त्यांच्यातल्या काही जणांच्या शरीरात अशा तुकड्यांविरुद्ध प्रतिकारशक्ती चवताळते. मग लहान आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात.

या साखळीत जिवाणू येतात कुठे? सीलिएक असलेल्यांच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियम गटाचे जिवाणू कमी आढळतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यात भर म्हणजे ग्लूटेनमुक्त आहारामुळेही हा गट घटू शकतो. २००९ मधल्या एका छोट्या स्पॅनिश अभ्यासात निरोगी माणसांना महिनाभर ग्लूटेनमुक्त आहार दिला, तेव्हा त्यांच्यातले बिफिडोबॅक्टेरियम कमी झाले. कारण समजण्यासारखे आहे. गहू गेला की त्याच्यासोबत येणारा, जिवाणूंना पोसणारा तंतूही जातो आणि तांदळाच्या किंवा मक्याच्या स्टार्चवर बनलेले तयार पदार्थ ती जागा भरून काढत नाहीत.

इथे एक गैरसमज ठामपणे दूर करायला हवा. काही जिवाणूंची मिश्रणे पिठात तासन्‌तास ठेवली की ग्लूटेन तोडतात, हे खरे आहे. पण ती प्रयोगशाळेतली गोष्ट झाली. पोटात तीव्र आम्ल असते, घास काही वेळातच पुढे सरकतो आणि इजा होते ती लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात. तेवढ्या वेळात कॅप्सूलमधले जिवाणू ग्लूटेनचा निकाल लावू शकत नाहीत. शिवाय सगळेच जिवाणू ग्लूटेन सोयीच्या ठिकाणी तोडतात असेही नाही; काहींनी केलेले तुकडे प्रतिकारशक्तीला अधिकच डिवचतात. त्यामुळे ‘कॅप्सूल घेतली आहे, आज एक पोळी चालेल’ हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आतड्याला मोजावी लागते.

चाचण्यांत काय दिसले

२०१३ मध्ये अर्जेंटिनात २२ रुग्णांवर एक चाचणी झाली. हे लोक अजून ग्लूटेन खात होते. बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिसचा एक स्ट्रेन (एकाच जातीतला विशिष्ट वाण) तीन आठवडे घेतल्यावर त्यांच्या अपचनासारख्या तक्रारी कमी झाल्या, पण आतड्याच्या अस्तराची गळती होती तशीच राहिली. बरे वाटणे आणि बरे होणे यांतला फरक इथे लख्ख दिसतो. प्रोबायोटिकबद्दलचे आमचे सगळे सावधपण याच फरकातून येते.

२०१४ मध्ये स्पेनमध्ये नव्याने निदान झालेल्या मुलांना ग्लूटेनमुक्त आहारासोबत तीन महिने बिफिडोबॅक्टेरियम लॉन्गम सीईसीटी ७३४७ दिले. रक्तातल्या काही प्रतिकारपेशी आणि विष्ठेतले काही नकोसे जिवाणू घटले. २०१५ मध्ये स्लोव्हेनियात मुलांना बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हचे दोन स्ट्रेन तीन महिने दिले, तेव्हा टीएनएफ-अल्फा हा दाहाचा निर्देशक खाली आला. प्रोबायोटिक थांबवल्यावर तो पुन्हा चढला. या जिवाणूंचा आतड्यातला मुक्काम तात्पुरता असतो, हे त्यावरून समजून घ्यावे.

प्रौढांसाठी सगळ्यांत कामाची चाचणी २०१९ ची, इटलीतली. काटेकोर पथ्य पाळूनही पोटदुखी, फुगारा आणि अनियमित शौच असा इरिटेबल बाॅवेलसारखा त्रास उरलेल्या १०९ जणांवर ती झाली. पाच स्ट्रेनचे मिश्रण सहा आठवडे घेणाऱ्यांचा त्रास प्लासिबो (औषध नसलेली बनावट गोळी) घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरला. मात्र ठळक आराम पडलेले लोक दोन्ही गटांत थोडेच होते. उलट २०१६ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत आठ स्ट्रेनचे मिश्रण १२ आठवडे देऊनही आतड्यातल्या जिवाणूंच्या रचनेत काही लक्षणीय बदल झाला नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना म्हणूनच दोन्ही बाजूंनी हात राखून आहेत: घ्या म्हणण्याइतका पुरावा नाही, घेऊ नका म्हणण्याइतकाही नाही.

पायरी १: आधी दुसरी कारणे खोडून काढा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक गाळतात. पथ्यावर असूनही त्रास होतो तेव्हा सर्वाधिक वेळा कारण असते ते नकळत पोटात जाणारे ग्लूटेन. टीटीजी-आयजीए ही सीलिएकमधली प्रतिपिंडे मोजणारी रक्तचाचणी निदानानंतर ६ आणि १२ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करतात. आकडा उतरत नसेल किंवा उतरून पुन्हा चढला असेल, तर प्रोबायोटिकचा विचार बाजूला ठेवून आहारतज्ज्ञासोबत स्वयंपाकघर, औषधे आणि बाहेरचे खाणे तपासा. शरीरात आयजीए हा प्रतिपिंडांचा प्रकार मुळातच कमी असेल, तर ही चाचणी खोटा दिलासा देते. अशांसाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारावर आधारलेल्या चाचण्या असतात. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. आकडा सामान्य असला, तरी अधूनमधून थोडे ग्लूटेन जात असू शकते. शंका असेल तर लघवीतले किंवा विष्ठेतले ग्लूटेनचे अंश शोधणारी चाचणी उपलब्ध आहे. ती मागच्या एक-दोन ते तीन-चार दिवसांपुरतेच सांगते.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे दुधातली साखर. अस्तर झिजलेले असते तेव्हा लॅक्टोज पचवणारे एन्झाइमही कमी पडते. दोन आठवडे लॅक्टोज बंद करून पाहा. फुगारा तेवढ्यानेच गेला, तर कॅप्सूलची गरजच उरत नाही. त्यानंतर पोटविकारतज्ज्ञाने पाहायच्या गोष्टी येतात: लहान आतड्यात जिवाणूंची फाजील वाढ, मायक्रोस्कोपिक कोलायटिस (मोठ्या आतड्याचा, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा दाह), स्वादुपिंडाच्या पाचकरसांची कमतरता, थायरॉइड. वजन उतरणे, शौचातून रक्त जाणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, वाढत जाणारा रक्तक्षय यांपैकी काहीही असेल, तर घरी प्रयोग नकोच.

आणि ज्यांचे निदान अजून झालेलेच नाही, त्यांनी तपासण्या पूर्ण होईपर्यंत ग्लूटेन बंद करू नये. बंद केले की रक्तचाचणी आणि बायोप्सी दोन्ही फसतात.

पायरी २: तुमच्यासाठी हे सुरक्षित आहे का?

बहुतेकांना प्रोबायोटिकने गॅसपलीकडे काही होत नाही. पण जिवंत जिवाणू रक्तात शिरण्याचा धोका काहींना खरोखर असतो: प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, मोठ्या शिरेत कॅथेटर असलेले, तीव्र स्वादुपिंडदाह असलेले, आतड्याचा मोठा भाग काढलेले आणि अपुऱ्या दिवसांची बाळे. सीलिएकमध्ये दोन गोष्टींकडे जास्त लक्ष हवे. पथ्याला दाद न देणाऱ्या, म्हणजे रिफ्रॅक्टरी सीलिएकमध्ये स्टेरॉइड किंवा तत्सम औषधे चालू असतात. आणि काही प्रौढ सीलिएक रुग्णांची प्लीहा नीट काम करत नाही, त्यामुळे जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी असते. या गटांत असाल, तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय सुरुवात करू नका.

पायरी ३: डबा हातात घेऊन लेबल वाचा

लेबलवर जिवाणूचे नाव तीन भागांत हवे: प्रजाती (जीनस), जात आणि स्ट्रेनचा संकेत. ‘बिफिडोबॅक्टेरियम लॉन्गम’ इथेच नाव संपत असेल, तर ते अर्धवट आहे. ‘सीईसीटी ७३४७’ सारखा संकेत पुढे असेल तरच त्या स्ट्रेनवर कुठली चाचणी झाली, हे शोधता येते. एकाच जातीचे दोन स्ट्रेन अगदी वेगळे वागू शकतात. ‘लॅक्टोबॅसिलस’ची नावे २०२० मध्ये बदलली, जुने लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आता लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम या नावाने येते. जिवाणू तोच आहे, दोन वेगळी उत्पादने समजून दोन्ही घेऊ नका.

मग संख्या. ती सीएफयू (वाढू शकणाऱ्या जिवंत जिवाणूंची मोजणी) या एककात, अब्जांत दिलेली असते. वर सांगितलेल्या मुलांच्या दोन चाचण्यांत रोजची मात्रा १ ते २ अब्ज होती, म्हणजे लेबलवरच्या १०० अब्जांनी भुलण्याचे कारण नाही. ही संख्या मुदत संपेपर्यंतची आहे की उत्पादनाच्या दिवसाची, हे पाहा. नुसते ‘उत्पादनाच्या वेळी’ लिहिले असेल, तर तुमच्या हाती येईपर्यंत किती जिवंत उरले याचा भरवसा नाही.

आता इतर घटकांची बारीक अक्षरातली यादी. सीलिएकवाल्यांनी खरा वेळ इथे घालवावा. माल्ट किंवा माल्ट अर्क, बार्ली, गव्हाचे गवत किंवा त्याची पावडर, गव्हाचा कोंडा, प्रमाणित नसलेल्या ओट्सचा तंतू, बिअरच्या कारखान्यातून आलेले यीस्ट, स्रोत न सांगता नुसते ‘स्टार्च’, यांपैकी काही दिसले तर डबा परत ठेवा. माल्टोडेक्स्ट्रिनला मात्र घाबरू नका. गव्हापासून केलेले असले, तरी प्रक्रियेत त्यातले ग्लूटेन जवळपास सगळे निघून जाते. सेल्युलोज, सिलिका, मॅग्नेशियम स्टिअरेट हेही निर्धोक. लॅक्टोज असेल आणि तुम्हाला ते सोसत नसेल, तर दुसरे घ्या. इन्युलिन किंवा एफओएस जोडलेले उत्पादन पहिल्या प्रयोगासाठी टाळा. हे तंतू चांगले आहेत, पण त्यांच्यामुळे सुरुवातीला गॅस वाढतो आणि त्रास जिवाणूंमुळे झाला की तंतूंमुळे, हे कळत नाही.

यादी स्वच्छ असली, तरी डब्यात ग्लूटेन असू शकते. जिवाणू ज्या द्रवात वाढवतात त्यात धान्याचे घटक असू शकतात, किंवा एकाच यंत्रावर वेगवेगळी उत्पादने भरली जातात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या सीलिएक केंद्राने सर्वाधिक खपाची २२ प्रोबायोटिके तपासली. त्यांतल्या १२ मध्ये ग्लूटेन सापडले आणि चारांमध्ये ते २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग, ही ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवण्याची मर्यादा) वर होते. या चारांपैकी दोन डब्यांवर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापलेले होते.

बातमी वाईट आहे, पण घाबरण्याआधी आकडे मांडून पाहू. २० पीपीएम म्हणजे एका किलोत २० मिलिग्रॅम. कॅप्सूलमधला ऐवज अर्धा ग्रॅम धरला, तर त्यात ग्लूटेन झाले ०.०१ मिलिग्रॅम. २००७ मधल्या इटालियन चाचणीत रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर अस्तराला इजा झाली, आणि रोज १० मिलिग्रॅमच्या आत राहावे असे साधारणपणे धरले जाते. म्हणजे थोडी भेसळ असलेल्या एका कॅप्सूलने आतडे बिघडण्याची शक्यता फार कमी. पुड्या आणि चमच्याने घ्यायच्या पावडरींचे गणित मात्र वेगळे. बार्लीच्या गवताची, १००० पीपीएम ग्लूटेन असलेली पावडर रोज १० ग्रॅम घेतली, तर १० मिलिग्रॅमचा सगळा वाव त्या एका चमच्यातच संपतो. म्हणून आमची पसंती साध्या कॅप्सूलला, कमीत कमी घटकांच्या, आणि शक्य असल्यास स्वतंत्र संस्थेने तपासून प्रमाणित केलेल्या. नुकसान कमी असले, तरी ज्याचा फायदाच अनिश्चित आहे त्यासाठी टाळता येणारा धोका का पत्करायचा?

प्रमाणपत्र नसेल, तर उत्पादकाला लेखी विचारा: तयार मालाची प्रत्येक बॅच ग्लूटेनसाठी तपासता का, कोणत्या पद्धतीने, किती पीपीएमपर्यंत? ‘आम्ही गहू वापरत नाही’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. ‘ग्लूटेन पचवणारे एन्झाइम’ सोबत घातले आहे अशी जाहिरात असेल, तर ते उत्पादन घेऊच नका.

पायरी ४: कॅप्सूलआधी दोन आठवड्यांची नोंद

वहीत रोज रात्री पाच गोष्टी लिहा: पोट फुगणे (० ते १०), पोटदुखी (० ते १०), किती वेळा शौचाला झाले, शौचाचे स्वरूप (कडक ते पातळ असे शौचाचे प्रकार दाखवणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यानुसार १ ते ७) आणि बाहेरचे किंवा शंकास्पद काही खाल्ले का. या काळात आहार, औषधे, व्यायाम काहीही नव्याने सुरू करू नका. चौदा दिवसांची सरासरी काढा आणि तुमचा मुख्य त्रास कोणता ते ठरवा. प्रयोग यशस्वी केव्हा म्हणायचा, हेही आत्ताच लिहून ठेवा. मुख्य त्रासाची सरासरी किमान ३० टक्क्यांनी उतरली पाहिजे, हा मापदंड वापरायला सोपा आणि पुरेसा कडक आहे. फुगण्याची सरासरी ६ असेल, तर ती ४.२ किंवा त्याखाली यायला हवी. ५.२ वर आली, तर ते यश नव्हे, मग मनाला कितीही बरे वाटो.

पायरी ५: सहा आठवडे, एकच उत्पादन

पहिले चार-पाच दिवस अर्धी मात्रा, मग पूर्ण. लेबलवर वेगळे सांगितले नसेल, तर जेवणासोबत घ्या. अन्नामुळे आम्लाची धार बोथट होते. कॅप्सूल उघडून द्यायची असेल, तर गार किंवा कोमट पदार्थात मिसळा. गरम दुधात किंवा चहात टाकली, तर मेलेले जिवाणू पोटात जातील. अँटिबायोटिक चालू असेल, तर दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. खरे तर तो कोर्स संपल्यावरच प्रयोग सुरू करणे चांगले, नाहीतर नोंदींना अर्थ उरत नाही. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट असल्याने त्यावर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही, बुरशीनाशक औषधांचा होतो.

साठवणुकीत उष्णतेइतकीच ओल घातक. फ्रिजमध्ये ठेवायचे उत्पादन २ ते ८ अंशांत ठेवा. बाकीचे कोरड्या जागी, शेगडीपासून आणि न्हाणीघरापासून दूर. डब्यातली ओल शोषणारी पुडी काढून टाकू नका आणि आठवड्याच्या गोळ्यांच्या पेटीत कॅप्सुला भरून ठेवू नका.

पहिल्या आठवड्यात गॅस थोडे वाढले, तर ते सहसा आपोआप ओसरतात. दहा दिवसांनंतरही त्रास आधीपेक्षा जास्तच असेल, तर थांबवा. ताप, पुरळ किंवा सतत उलट्या झाल्या, तर लगेच थांबवून डॉक्टरांना गाठा. मधेच कधी चुकून ग्लूटेन पोटात गेले, तर त्या दिवशी खूण करा आणि त्या आठवड्याचे आकडे सरासरीत धरू नका.

पायरी ६: थांबवून पाहा

सहा आठवड्यांनी शेवटच्या दोन आठवड्यांची सरासरी काढा. ठरवलेले ३० टक्के गाठले नसतील, तर प्रयोग संपला. ‘अजून एक महिना पाहू’ करत वर्षानुवर्षे पैसे घालवणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या स्ट्रेनचा एखादा प्रयोग करायला हरकत नाही, तिसऱ्याआधी पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.

फरक पडला असला, तरी आता दोन ते चार आठवडे कॅप्सूल बंद ठेवा, नोंदी चालू ठेवा. प्लासिबो घेणाऱ्यांनाही बरे वाटते आणि पथ्यावर असलेले आतडे आपल्या गतीने सुधारत असतेच. बंद केल्यावर त्रास परतला आणि पुन्हा सुरू केल्यावर ओसरला, तरच श्रेय कॅप्सूलला द्या. मग ती चालू ठेवा आणि दर तीन महिन्यांनी असाच खंड देऊन पाहा. या सगळ्यात टीटीजीची वार्षिक तपासणी चुकवायची नाही. त्रास थांबला म्हणजे अस्तर भरून आले, असे समजू नका.

दही, केफिर आणि आंबवलेले पदार्थ

साधे दही किंवा केफिर (दह्यासारखे आंबवलेले दूध) सोसत असेल, तर जरूर खा. दह्यात लॅक्टोज काहीसे कमी झालेले असते. फक्त त्यांत कुठला नेमका स्ट्रेन किती आहे हे कळत नाही, म्हणून वरच्या प्रयोगात त्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवा. स्वादयुक्त प्रकारांत माल्ट किंवा धान्याचे कण असू शकतात. गव्हाचा आंबवलेला पाव, गहू घातलेला सोया सॉस आणि बार्लीची बिअर आंबवल्याने सुरक्षित होत नाहीत. आंबवताना ग्लूटेनचे तुकडे होतात आणि नेहमीच्या चाचण्यांना ते पूर्ण पकडता येत नाहीत. म्हणून अशा पदार्थाचा ‘२० पीपीएमपेक्षा कमी’ हा अहवालही भरवशाचा नाही.

मुलांसाठी

बालरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सुरू करू नये. मुलांत पोटाच्या तक्रारींइतकेच उंची आणि वजन बोलके असते. वाढीचा आलेख अडलेला असेल, तर आधी शाळेतला डबा, मित्रांकडचा खाऊ आणि मातीसारखे मळून खेळायचे पीठ तपासा. त्यात गहू असतो आणि ते हातावरून तोंडात जाते. गमी स्वरूपातली प्रोबायोटिके मुलांना आवडतात, पण त्यांत घटकांची गर्दी असते, म्हणून लेबल दुप्पट काळजीने वाचा.

नवा डबा आणताना

उत्पादक घटक बदलतात, कारखाने बदलतात, आणि डबा मात्र तसाच दिसतो. प्रत्येक नव्या डब्याची यादी पुन्हा वाचा आणि बॅच क्रमांक वहीत, डबा उघडल्याच्या तारखेसमोर लिहून ठेवा. सगळे सुरळीत असताना नवा डबा उघडल्यापासून आठवडाभरात जुना त्रास परतला, तर पहिला संशय त्या डब्यावर घ्या. तो बंद करून बाजूला ठेवा, फेकू नका, आणि बॅच क्रमांक देऊन त्या बॅचचा ग्लूटेन अहवाल उत्पादकाकडे मागा.